ठरावातले क्रियापद आणि घड्याळातली वेळ

इंदूरच्या एका विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने मला पत्र लिहून विचारले आहे: "सर, युद्धात नागरिकांवर हल्ला झाला की देशोदेशींची सरकारे निषेध करतात, सुरक्षा परिषद युद्धविरामाचे आवाहन करते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाँब पडतातच. मग या शब्दांचा उपयोग काय? आणि भारत कधी निषेध करतो, कधी नुसती चिंता व्यक्त करतो, कधी मतदानात तटस्थ राहतो, यामागे काही नियम असतो की केवळ वेळ मारून नेणे असते?" महाविद्यालयात भरणाऱ्या अभिरूप सुरक्षा परिषदेसाठी तिने ठरावाचा एक मसुदाही तयार केला आहे. त्यातले मुख्य कलम असे: "ही परिषद नागरिकांवर झालेल्या भ्याड हल्ल्यांचा तीव्र शब्दांत निषेध करते आणि सर्व संबंधितांना तत्काळ युद्धविराम करण्याचे आवाहन करते."

परराष्ट्र सेवेतली माझी बरीच वर्षे असलीच वाक्ये लिहिण्यात, खोडण्यात आणि दुसऱ्याने घातलेला एखादा शब्द काढून घेण्यासाठी रात्री जागवण्यात गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. तुमच्या प्रश्नातला राग मला मान्य आहे, त्यामागचे गृहीत मात्र मान्य नाही. निषेधाच्या ठरावाने बाँब थांबतील अशी अपेक्षा तो लिहिणाऱ्यांचीही नसते. निषेध हा दप्तरात ठेवण्याचा कागद आहे, आणि तो पुढे कोणाच्या कामी येईल हे त्यातले क्रियापद कोणते आहे आणि त्या कृत्याला कर्ता दिला आहे की नाही यावर ठरते. युद्धविरामाचे आवाहन ही वेगळी गोष्ट. ते थेट बंदूक धरणाऱ्याला उद्देशून असते, म्हणून त्यात वेळ आणि पाहणारा कोण हे लिहिलेले नसेल तर ते सुभाषिताच्या वहीत शोभते.

आधी शब्दांचे पाहू. इंदुरात राहणाऱ्याला 'निषेध' हा शब्द दोन अर्थांनी भेटतो. सरकारी फाटकावर 'प्रवेश निषेध' असते तिथे तो हिंदी असून त्याचा अर्थ मनाई, आणि मराठी घरात शिरला की तोच शब्द धिक्कार होतो. उलट हिंदी वार्ताहर ज्याला 'निंदा' म्हणतो तो शब्द मराठी बातमीत जसाच्या तसा ठेवला, तर सुरक्षा परिषद कोणाच्या तरी माघारी कुचाळक्या करते आहे असे वाटेल. गंमत सोडा, पण अडचण खरी आहे. इंग्रजी मसुद्यात 'कन्सर्न', 'डिप्लोअर' आणि 'कंडेम' या चढत्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर भांडण होते. मराठी वृत्तपत्रे वरच्या दोन्ही पायऱ्यांना 'निषेध' म्हणून मोकळी होतात. रशियाने युक्रेनवर चढाई केल्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, परिषदेसमोर आलेल्या मसुद्यात सुरुवातीला 'कंडेम' होते. मतदानापूर्वी त्याचे 'डिप्लोअर' झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील, निर्बंध व बळाच्या वापराविषयीच्या सातव्या प्रकरणाचा उल्लेखही गळला. चीनने विरोधात न जाता तटस्थ राहावे यासाठी ही किंमत मोजली गेली. चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले, अकरा मते बाजूने पडली आणि रशियाने नकाराधिकार वापरला. आपल्याकडच्या वाचकाला मात्र दोन्ही मसुद्यांतला फरक कळण्याची सोयच नव्हती. मी स्वतः 'डिप्लोअर'साठी 'तीव्र नापसंती' लिहीत असे. शब्द बोजड आहे, पण पायरी चुकत नाही.

क्रियापदानंतर कर्ता. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोगाचा कंटाळा केलेल्या माणसाने आमच्या खात्यात येऊ नये. 'नागरिक मारले गेले' ही रचना मुत्सद्द्यांची लाडकी आहे, कारण तिच्यात मरणारा दिसतो आणि मारणारा दिसत नाही. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनमधील बुचा येथील हत्यांविषयी भारताचे तत्कालीन स्थायी प्रतिनिधी टी. एस. तिरुमूर्ती यांनी सुरक्षा परिषदेत निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. क्रियापद सर्वांत वरच्या पायरीचे होते, कर्ता नव्हता. याच्या नेमके उलट उदाहरण ३० जुलै २००६ चे. दक्षिण लेबनॉनमधील काना येथे इस्रायली हल्ल्यात एक निवासी इमारत कोसळून अनेक नागरिक ठार झाले, त्यांत मुलेच अधिक होती. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव कोफी अन्नान यांनी परिषदेला कठोरात कठोर शब्दांत निषेध करण्याची विनंती केली. परिषदेच्या अध्यक्षीय निवेदनात इस्रायली संरक्षण दलांचे नाव स्पष्ट आले, पण त्यांच्या माऱ्याबद्दल परिषदेने व्यक्त केला तो 'अत्यंत धक्का आणि दुःख'. कर्ता मिळाला, क्रियापद गेले.

दोहोंतले एकच मिळणार असेल तर मी कर्ता घेईन. ज्याचे नाव दप्तरात आले त्याला पुढच्या प्रत्येक बैठकीत त्या परिच्छेदाचे उत्तर द्यावे लागते, उलट निनावी जहाल वाक्य महिनाभरात शिळे होते. बुचाविषयीच्या आपल्या निवेदनातला टिकाऊ भागही माझ्या मते चौकशीचा होता, कारण जो कर्ता आपण लिहिला नाही तो शोधण्याचे काम त्याने दुसऱ्यावर सोपवले. विशेषणांचे मला फारसे कौतुक नाही. तुमच्या मसुद्यातल्या 'भ्याड'ला कायद्यात जागा नाही. निःशस्त्र वस्तीवर मोठ्या धाडसाने केलेला हल्लाही तितकाच बेकायदा असतो. त्या जागी युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे ४८ वे आणि ५१ वे कलम आठवा. लढणारे आणि नागरिक यांच्यात भेद केलाच पाहिजे, हा नियम तिथे लिहिला आहे. भारत त्या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही, पण हा मूळ नियम रूढीने सर्वांवर बंधनकारक मानला जातो, हे तुमचे प्राध्यापकही सांगतील.

हे शब्द कोणत्या कागदावर उतरतात यालाही महत्त्व आहे. सुरक्षा परिषदेच्या प्रसिद्धी-निवेदनाला आणि अध्यक्षीय निवेदनाला पंधराही सदस्यांची संमती लागते. ठरावाला नऊ मते पुरतात, फक्त पाच स्थायी सदस्यांपैकी कोणी विरोधी मत देता कामा नये. म्हणजे सर्वांत हलक्या कागदाला सर्वांत जास्त सह्या, असा हा उलटा न्याय आहे. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांची हत्या झाली, त्यांत इंदूरचाही एक रहिवासी होता. तो युद्धातला हल्ला नव्हता, पण कागदाची रीत तीच. तीन दिवसांनी परिषदेने तीव्र निषेधाचे प्रसिद्धी-निवेदन काढले. पाकिस्तान त्या वेळी परिषदेचा सदस्य होता, आणि सुरुवातीला हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्या संघटनेचे नाव निवेदनात आले नाही.

अशी संमती कशी गोळा करतात तेही सांगतो. मसुदा सर्वांना पाठवून त्यावर 'सायलेन्स' लावतात, म्हणजे उद्या सकाळी दहापर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मजकूर मान्य झाला असे धरायचे. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात दिल्लीचे संध्याकाळचे साडेसात. एकदा एका गटाच्या निवेदनात 'हल्ल्यांबद्दल' या शब्दाच्या जागी कोणीतरी हळूच 'हिंसाचाराबद्दल' घातले होते. हल्ल्याला करणारा लागतो, हिंसाचार पावसासारखा आपोआप होतो. मी हरकतीचे चार ओळींचे पत्र तयार ठेवले आणि वरून होकार येण्याची वाट पाहत बसलो. होकार आला तेव्हा दहा वाजून सहा मिनिटे झाली होती, आणि 'हिंसाचार' कायमचा राहिला. पुढे मी आधी हरकत नोंदवून नंतर परवानगी मागू लागलो. ते नियमात बसत नव्हते.

आता उपयोगाचे. बोस्नियातील युद्धात १३ ऑगस्ट १९९२ रोजी ठराव ७७१ संमत झाला. त्यात 'वांशिक शुद्धीकरणा'सह सर्व उल्लंघनांचा निषेध होताच, पण त्याच्या जोडीला एक रुक्ष कलम होते: युद्धविषयक मानवतावादी कायद्याच्या उल्लंघनांची पडताळलेली माहिती देशांनी आणि संघटनांनी गोळा करून परिषदेकडे द्यावी. ती माहिती तपासण्यासाठी ऑक्टोबरमध्ये ठराव ७८० अन्वये तज्ज्ञांचा आयोग नेमण्यात आला, आणि २५ मे १९९३ रोजी ठराव ८२७ ने पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केले. बोस्नियातील सर्बांचे नेते राडोव्हान कराजिच आणि त्यांचे सेनापती रात्को म्लादिच यांना याच न्यायाधिकरणाने अनुक्रमे २०१६ आणि २०१७ मध्ये दोषी ठरवले. निषेधाचा कागद आरोपपत्राच्या पायाशी गेला तो त्या रुक्ष कलमामुळे. याच इतिहासाचे दुसरे पानही वाचा. १६ एप्रिल १९९३ रोजी ठराव ८१९ ने स्रेब्रेनित्सा हे 'सुरक्षित क्षेत्र' घोषित केले, ते राखण्यासाठी पुरेल एवढे सैन्य मात्र दिले गेले नाही, आणि जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले गेले. निषेध पोकळ असेल तर फार तर आपली अब्रू जाते. संरक्षणाचे वचन पोकळ असेल तर त्यावर विसंबून थांबलेल्या माणसांचे प्राण जातात. अभिरूप परिषदेतली मुले 'सुरक्षित क्षेत्र' फार सहज लिहितात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

भारताच्या भूमिकेमागे लिहून ठेवलेला नियम नाही. टेबलावर विचारात घेतले जाणारे प्रश्न मात्र ठरलेले असतात. दहशतवादी हल्ल्याचा उल्लेख मजकुरात आहे का? संघर्षक्षेत्रात आपले किती लोक अडकले आहेत? या मताने उद्या मध्यस्थीचे दार बंद होते का? तेल आणि शस्त्रे हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण ते खोलीत असतात. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून बावीस हजारांवर भारतीय, बहुतेक विद्यार्थी, परत आणायचे होते, आणि त्यांच्या बसगाड्यांना वाट देण्यासाठी दोन्ही सैन्यांच्या होकाराची गरज होती. त्या दिवसांतली आपली मवाळ भाषा वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. गाझाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, कारण त्यात ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्याचा निषेध नव्हता. तो घालण्याची कॅनडाची दुरुस्ती भारताने पाठिंबा देऊनही दोन-तृतीयांश मतांअभावी फेटाळली गेली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला तत्काळ मानवतावादी युद्धविरामाची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने १५३ देश उभे राहिले, त्यांत भारत होता. १२ जून २०२५ रोजी तशाच मागणीला १४९ मते मिळाली आणि भारत पुन्हा तटस्थ राहिला. पहिली तटस्थता मी स्वतः लिहून दिली असती. दुसरी मला समजावून घ्यावी लागते, आणि अजून पुरती समजलेली नाही. तुम्ही मतांचा तक्ता पाहून थांबू नका, प्रत्येक मतानंतर दिलेले मतदानाचे स्पष्टीकरणही वाचा. देशाची खरी भूमिका तक्त्यापेक्षा त्या दीड पानात अधिक असते.

युद्धविरामाच्या शब्दांतही असाच गोंधळ आहे. मराठीत 'युद्धबंदी' म्हणजे युद्ध थांबणे, आणि इंदूरच्या हिंदी वृत्तपत्रात 'युद्धबंदी' म्हणजे पकडलेला सैनिक. कोरियात हा श्लेष खरा झाला: जुलै १९५१ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींतून मराठी अर्थाची युद्धबंदी २७ जुलै १९५३ रोजी झाली, आणि दोन वर्षे ती अडली मुख्यतः हिंदी अर्थाच्या युद्धबंद्यांवर, म्हणजे परत जायला तयार नसलेल्या कैद्यांचे काय करायचे यावर. ती गाठ सोडवण्यात संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू मांडणारे कृष्ण मेनन यांच्या प्रस्तावाचा वाटा होता, आणि नंतर त्या कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले एस. पी. पी. थोरात. सांगायचा मुद्दा हा की 'तत्काळ युद्धविराम' म्हणणाऱ्याला तो कोणत्या गाठीवर अडला आहे हे ठाऊक असावे लागते.

वेळ लिहिण्याचा उत्तम नमुना आपल्याच युद्धातला आहे. ४ आणि ६ सप्टेंबर १९६५ च्या ठरावांत परिषद भारत-पाकिस्तानला आवाहन करत होती. २० सप्टेंबरच्या ठराव २११ मध्ये तिने 'मागणी' हे क्रियापद वापरले आणि बुधवार, २२ सप्टेंबर, ग्रीनिच वेळेनुसार सकाळचे सात, अशी नेमकी घटका दिली. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजणार होते. पाकिस्तानचा होकार उशिरा आला, वेळ पंधरा तास पुढे ढकलली गेली आणि २३ तारखेच्या पहाटे साडेतीनला तोफा थांबल्या. मे २०२५ मध्येही १० तारखेला दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांत दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोलणे झाले आणि जमीन, आकाश व समुद्र येथील गोळीबार संध्याकाळी पाचपासून थांबवण्याचे ठरले. आपल्या निवेदनात 'शस्त्रसंधी' हा शब्द नव्हता. कोणी, कोठे आणि किती वाजता थांबायचे हे मात्र होते.

घटका जाहीर होणे आणि घटका भरणे यांतला काळ नागरिकांसाठी सर्वांत वाईट असतो. २००६ मध्ये लेबनॉनविषयीचा ठराव १७०१ अकरा ऑगस्टला संमत झाला आणि लढाई चौदाच्या सकाळी थांबली. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन मानवतावादी कार्यप्रमुख यान एगेलँड यांनी नंतर सांगितले की क्लस्टर बाँबचे, म्हणजे एकातून अनेक छोटे गोळे विखुरणाऱ्या बाँबचे, ९० टक्के मारे शेवटच्या ७२ तासांत झाले, म्हणजे ठराव येणार हे सर्वांना कळलेले असताना. न फुटलेले छोटे गोळे शेतांत आणि अंगणांत पडून राहिले आणि विस्थापित माणसे त्यांच्यावरून घरी परतली. दुसरी पळवाट अपवादाची. २४ फेब्रुवारी २०१८ चा सीरियाविषयीचा ठराव २४०१ एकमताने संमत झाला, त्यात तीस दिवसांच्या विरामाची मागणी होती, पण काही दहशतवादी गटांविरुद्धची कारवाई त्यातून वगळली होती. दमास्कसजवळच्या, बंडखोरांच्या ताब्यातील पूर्व घूतावरचा मारा त्यानंतरही चालू राहिला, आणि मारा करणाऱ्या सीरियन सरकारने त्याच वगळणुकीवर बोट ठेवले.

मला सर्वांत शिकवून गेलेले उदाहरण फारसे कोणी सांगत नाही. इराण-इराक युद्धात दोन्ही बाजू एकमेकांच्या शहरांवर मारा करत होत्या आणि पूर्ण युद्धविरामाला तयार नव्हत्या. जून १९८४ मध्ये महासचिव हावियेर पेरेझ दे क्वेयार यांनी युद्ध थांबवा असे म्हटलेच नाही. नागरी वस्त्यांवर हल्ले करू नका, एवढेच मागितले. दोघांनी मान्य केले, १२ जूनपासून ते अंमलात आले, आणि बगदाद व तेहरान येथे संयुक्त राष्ट्रांची छोटी निरीक्षक पथके बसवली गेली, की कोणी तक्रार केली तर जाऊन पाहावे. आघाडीवर माणसे मरतच होती, पण मार्च १९८५ मध्ये ते मोडेपर्यंत सुमारे नऊ महिने शहरांना उसंत मिळाली. संपूर्ण युद्धविरामाची मागणी करणारा ठराव ५९८ जुलै १९८७ मध्ये आला आणि प्रत्यक्ष युद्ध थांबायला ऑगस्ट १९८८ उजाडले. नऊ महिन्यांची अर्धी भाकरी हिणवण्यासारखी नाही. 'तत्काळ, संपूर्ण आणि कायमस्वरूपी' अशी त्रिसूत्री मागणारे मसुदे वाचले की मला ती दोन पथके आठवतात.

बंधनकारकतेबद्दल एवढेच, की २५ मार्च २०२४ रोजी रमजानपुरत्या युद्धविरामाची 'मागणी' करणारा गाझाविषयीचा ठराव २७२८ चौदा मतांनी संमत झाला आणि तटस्थ राहिलेल्या अमेरिकेने तो बंधनकारक नसल्याचे सांगितले. परिषदेचे निर्णय पाळण्याविषयीचे सनदेचे २५ वे कलम आणि त्या कलमाचा अर्थ लावणारा, नामिबियाविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये दिलेला सल्ला शेजारी ठेवून तुम्हीच ठरवा. विधीच्या विद्यार्थिनीला मी आयते उत्तर देणार नाही.

तुमचे कलम मी असे लिहिले असते: "ही परिषद अमुक तारखेला अमुक शहरातील निवासी वस्तीवर अमुक देशाच्या सैन्याने केलेल्या गोळामाऱ्याचा निषेध करते, या व इतर उल्लंघनांची पडताळलेली माहिती साठ दिवसांत सादर करण्यास महासचिवांना सांगते, दोन्ही पक्षांनी अमुक तारखेस ग्रीनिच वेळेनुसार सकाळी सहापासून लोकवस्तीवरील सर्व मारा थांबवावा अशी मागणी करते, हा ठराव संमत झाल्यापासून त्या वेळेपर्यंतच्या काळातही हीच मनाई लागू राहील असे स्पष्ट करते, आणि दोन्ही राजधान्यांत निरीक्षक पथके ठेवण्याचे ठरवते." साठ दिवस हा माझा अंदाज आहे, तुम्ही तीस म्हणा आणि साठावर या. 'सैन्याने' हा शब्द काढावा म्हणून तुमच्या वर्गातला कोणीतरी नक्की अडून बसेल, आणि त्याच्या हाती नकाराधिकार असेल तर तो शब्द जाईलही. तो फुकट सोडू नका. त्याच्या बदल्यात चौकशीचे कलम अक्षरही न बदलता मान्य करून घ्या, आणि ते कागदावर आल्यावरच आपला शब्द खोडा.